जागं कोण ठेवतंय?

संगणक झोपत नाही अशी तक्रार घेऊन गेलं की दुरुस्तीवाला क्षणभर थांबतो. चालू होत नाही, हळू चालतो, मध्येच बंद पडतो, या तक्रारी त्याच्या रोजच्या. पण झोपत नाही म्हणजे काय? चालतोय ना? मग आणि काय पाहिजे? त्याचंही बरोबर आहे. यंत्र बंद पडलं तर काम अडतं, जागं राहिलं तर कुणाचं काही अडत नाही. तरीही मला ही तक्रार किरकोळ वाटत नाही. आपल्या घरातलं यंत्र आपलं ऐकत नसेल, तर ते दुसऱ्या कुणाचं तरी ऐकत असतं. ते कुणाचं, हे घरातल्या माणसाला कळायला हवं.

आमचं घर बेळगावात वडगावला. शहापूर, खासबाग आणि वडगाव हा सगळा पट्टा विणकरांचा. पूर्वीइतके राहिले नाहीत, पण माग अजून चालतात. आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातही साड्यांचे माग आहेत. जिन्याखालच्या टेबलावर आमचा डेस्कटॉप. त्यावर शाळेच्या प्रश्नपत्रिका होतात, पारायणाची पत्रकं होतात, ओळखीपाळखीतल्या लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवला जातो. एका पानावर मराठी आणि समोरच्या पानावर कन्नड, अशी पत्रिका आमच्याकडे नेहमीची. त्यामुळे त्यात मराठीसाठी श्रीलिपी आहे, कन्नडसाठी नुडी आहे, आणि कित्येक वर्षांत जमत गेलेले फॉन्ट आहेत. त्यातले काही आज मागूनही मिळायचे नाहीत.

वीस मिनिटं कुणी हात लावला नाही तर झोपायचं, असं त्याला सांगून ठेवलेलं होतं. बरीच वर्षं तो ऐकत होता. मग ऐकेनासा झाला. पडदा वेळेवर काळा व्हायचा, पण डब्यातला पंखा फिरत राहायचा. रात्री पाण्याला उठलेल्या सासूबाई सकाळी म्हणायच्या, “अगं, ते रात्रभर घूं घूं करत बसलंय बघ. झोपेना झालंय काय ते?”

पडदा काळा होणं आणि यंत्र झोपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बऱ्याच घरांत इथेच फसगत होते. पडदा विझला म्हणजे फक्त मॉनिटर विझला. खऱ्या झोपेत प्रोसेसर थांबतो, डिस्क थांबते, पंखा थांबतो, आणि वीज मिळते ती मुख्यतः रॅमला, उघडी कामं जशीच्या तशी धरून ठेवण्यापुरती. बटणाजवळचा दिवा बहुतेक यंत्रांत सावकाश लुकलुकत राहतो. या अवस्थेला एस-३ म्हणतात. एस-४ म्हणजे हायबरनेट, त्यात रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून वीज पूर्ण तोडली जाते. आमच्याकडे जुलैत पावसाने जोर धरला की वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि एस-३ मध्ये वीज गेली की रॅममधलं सगळं गेलं. म्हणून विंडोजमध्ये डेस्कटॉपसाठी हायब्रिड स्लीप ठेवलेली असते: रॅमही जागी आणि डिस्कवरही एक प्रत. आपल्या पावसाच्या मुलखात ती चालू ठेवणं फार शहाणपणाचं. मी तिला कधीच हात लावत नाही.

विजेचा हिशेबही सांगते. साधा डेस्कटॉप नुसता जागा असला तरी पन्नास-साठ वॅट सहज खातो. झोपलेला दोन-चार वॅटवर भागवतो. साठ वॅट धरले आणि रात्रीचे आठ तास धरले, तर अर्ध्या युनिटच्या आसपास. महिन्याचे चौदा-पंधरा. कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजना आहे. त्यात आधीच्या सरासरी वापरावरून प्रत्येक घराची मोफत विजेची मर्यादा ठरते, आणि महिन्याचा वापर २०० युनिटच्या पुढे गेला की पूर्ण बिल भरावं लागतं. काठावर असलेल्या घराला पंधरा युनिट म्हणजे थोडेथोडके नव्हेत.

दुरुस्तीवाल्याने यंत्र उघडलं, धूळ झटकली आणि म्हणाला, “फॉरमॅट मारूया, ताई. सगळं क्लीन होईल.” मी नको म्हटलं. तो मनाने चांगला माणूस आहे, दिवसभर दहा यंत्रं त्याच्यापुढे येतात, प्रत्येकाला प्रश्न विचारत बसायला त्याला वेळ नाही. पण फॉरमॅट म्हणजे आमचे फॉन्ट गेले, मांडून ठेवलेल्या पत्रिका गेल्या, सगळं पुन्हा बसवणं आलं. शिवाय फॉरमॅटनंतर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावरचं चित्र सांभाळणारा प्रोग्राम, बसवायचा राहिला आणि विंडोज आपल्या साध्या, कामचलाऊ ड्रायव्हरवर चालत राहिली, तर पॉवरच्या यादीतून स्लीप हा पर्यायच नाहीसा होऊ शकतो. झोपेच्या तक्रारीवर केलेल्या उपायाने झोपच जायची. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे फॉरमॅटने उत्तर मिळत नाही, प्रश्न पुसला जातो. दोन महिन्यांनी तेच सगळं पुन्हा उभं राहिलं तर आपण होतो तिथेच.

मग मी आणि माझा पुतण्या बसलो. तो इंजिनिअरिंगला आहे, इथल्याच विश्वेश्वरय्या विद्यापीठाच्या एका कॉलेजात. पहिली परीक्षा अगदी साधी: स्टार्टच्या यादीतून स्वतः स्लीप दाबायचं. दाबल्यावर यंत्र निमूट झोपलं, पंखा थांबला. म्हणजे मदरबोर्डला झोपता येतं, बायोसमध्ये, म्हणजे त्याच्या अंगच्या मूळ प्रोग्राममध्ये, काही अडलेलं नाही. त्याला कुणीतरी झोपू देत नाही, एवढंच.

हे ‘कुणीतरी’ कुठून येतं ते समजून घेण्यासारखं आहे. सुरुवातीला, म्हणजे १९९२ च्या सुमाराला, वीज वाचवण्याचं काम मुख्यतः बायोसकडे असायचं. १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून एसीपीआय नावाचं मानक आणलं आणि हा कारभार ऑपरेटिंग सिस्टिमच्या, म्हणजे विंडोजसारख्या मुख्य प्रणालीच्या, हाती गेला. वर काय चाललंय हे बायोसला कळत नसे. ऑपरेटिंग सिस्टिमला कळतं, आणि म्हणूनच कुठलाही प्रोग्राम तिला विनंती करू शकतो: माझं काम चाललंय, झोपू नकोस. पिक्चर बघताना मध्येच पडदा विझत नाही, मोठी फाईल उतरत असताना यंत्र झोपत नाही, ते या विनंतीमुळेच. सोय चांगली आहे. फक्त ज्याने विनंती केली त्यानेच ती मागे घ्यायची असते.

आमच्या भागात गावोगावी ज्ञानेश्वरीचं पारायण बसतं. पहाऱ्याची वीणा तेवढे दिवस खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाईपर्यंत पहिल्याने जागा सोडायची नाही, आणि वीणा कुणाच्या तरी गळ्यात आहे तोवर मंडप जागा. यंत्राचंही तसंच आहे. रात्री दोन वाजता मंडप जागा दिसला तर मंडप असा का, म्हणून कुणी विचारत नाही. पहाऱ्याला कोण उभं आहे ते बघतात.

यंत्रालाही तेच विचारता येतं. सर्चमध्ये सीएमडी लिहायचं, त्यावर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडायचं, आणि काळ्या खिडकीत पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून, स्लॅश रिक्वेस्ट्स. बस्स. खाली मथळे येतात: डिस्प्ले, सिस्टिम, अवेमोड, एक्झिक्युशन, आणखी दोनेक. ज्याच्याखाली कुणी नाही तिथे ‘नन’ लिहिलेलं असतं. ज्याच्याखाली नाव आहे, त्याच्या हातात वीणा.

आमच्याकडे ‘सिस्टिम’खाली दोन नावं होती.

पहिलं साउंड कार्डच्या ड्रायव्हरचं, आणि त्याखाली एक ओळ: ॲन ऑडिओ स्ट्रीम इज करंटली इन यूज. आवाज तर कुठलाच येत नव्हता. स्पीकरसुद्धा बंद. शोधत गेलो तर ब्राउझरमध्ये मागे कुठेतरी एक पान उघडं होतं. सासूबाई संध्याकाळी त्यावर कीर्तन ऐकतात आणि संपलं की उठून जातात, त्यात वावगं काहीच नाही. पण ते पान कीर्तन संपल्यावरही आवाजाची वाट मोकळी सोडत नव्हतं. आत नुसती शांतता वाहत होती आणि यंत्राच्या लेखी ते वाजवणंच होतं. पान बंद केलं, आदेश पुन्हा दिला, ते नाव गेलं. यंत्र रीस्टार्ट केलं की दुखणं जातं आणि संध्याकाळी परत येतं, हे अनेकजण सांगतात, त्याचा उलगडा इथे होतो. प्रोग्राम बंद झाला की त्याची विनंती विंडोज आपोआप रद्द करते, म्हणून रीस्टार्टने बरं वाटतं. आणि तोच प्रोग्राम, तेच पान पुन्हा उघडलं की विनंतीही पुन्हा येते.

दुसरं नाव जरा गूढ होतं: सर्व्हनेट. त्याखालची इंग्रजी ओळ सांगत होती की दुसऱ्या कुठल्या तरी यंत्राने नुकतंच इथे काही मागितलं आहे. पुतण्या एकदम हसला. आमच्या डेस्कटॉपवरचा एक फोल्डर त्याने माडीवरच्या आपल्या लॅपटॉपला झेड ड्राइव्ह म्हणून कायमचा जोडून ठेवला होता, नोट्स आणि प्रोजेक्टसाठी. तो फाईल उघडो न उघडो, त्याचा लॅपटॉप अधूनमधून खाली हाक मारत होता, आणि खालचं यंत्र ओ देत जागं राहत होतं.

इथे एक सोपी वाट होती. पॉवरसीएफजीलाच ‘रिक्वेस्ट्सओव्हरराइड’ म्हणून एक आदेश आहे. अमुक नावाच्या विनंतीकडे लक्ष देऊ नकोस, असं यंत्राला कायमचं सांगता येतं. बरेचजण हेच करून मोकळे होतात. मी नको म्हटलं. उद्या तो खरोखरच मोठी फाईल वर नेत असला आणि यंत्र मध्येच झोपलं तर? मागणारा खरा आहे की नुसती सवय म्हणून मागतोय, हे न बघता सगळ्यांचीच तोंडं बंद करणं मला पटत नाही. त्याने झेड ड्राइव्ह तोडला आणि डेस्कटॉपवर एक शॉर्टकट ठेवला. लागेल तेव्हाच जोडायचं. त्या रात्री यंत्र झोपलं.

पण दिवसा नवीनच सुरू झालं. दुपारी जेवून उठावं तर पडदा लख्ख चालू. कधी झोपलेलं यंत्र कुणी हात न लावता जागं होऊन बसलेलं. आदेश दिला तर सगळीकडे ‘नन’. कुणाचीच विनंती नाही, आणि तरी झोप नाही.

या ठिकाणी बरेच लोक हात टेकतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. पडदा विझतो पण यंत्र झोपत नाही, तेव्हा यादीत ‘सिस्टिम’खाली बघायचं. पडदासुद्धा विझत नाही, तेव्हा ‘डिस्प्ले’खाली. आणि पडदाही विझत नाही, यादीही कोरी आहे, तर मग यंत्राला वाटतंय की समोर माणूस बसला आहे. म्हणजे माउस, कीबोर्ड, गेमपॅड, असं हाताने चालवायचं काहीतरी हलतंय. माउसचं हलणं ही विनंती नव्हे, त्यामुळे त्या यादीत ते कधीच दिसत नाही. फक्त वीस मिनिटांचं घड्याळ प्रत्येक हालचालीला पुन्हा शून्यावर येतं.

झोपेतून कुणी उठवलं हे विचारायचा आदेश निराळा: पॉवरसीएफजी स्लॅश लास्टवेक. त्याने यूएसबीकडे बोट दाखवलं. ‘स्लॅश डिव्हाइसक्वेरी वेक अंडरस्कोअर आर्म्ड’ असं विचारलं की उठवायचा अधिकार कुणाकुणाला दिलेला आहे ती यादी मिळते. त्यात माउस होता, कीबोर्ड होता आणि नेटवर्क कार्ड होतं.

मी पत्रिकेची एक फाईल उघडली, अक्षर खूप मोठं केलं, बाणाचं टोक एका कान्याला बरोबर टेकवलं आणि हात काढून घेतला. पलीकडे माग चालू होता. टोक कान्यावरून केसभर सरकलं, थांबलं, परत आलं. पुन्हा सरकलं. टेबलावर तांब्या होता, त्यातल्या पाण्यावर बारीक वळ्या उठत होत्या, आणि धोट्याच्या प्रत्येक ठोक्याला त्या नव्याने उठत होत्या. टेबल भिंतीला टेकलेलं, भिंत मागाच्या खोलीची, आणि माउसखाली आमच्या टेबलाची गुळगुळीत, चकचकीत काच. ऑप्टिकल माउस खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून जास्त चित्रं घेऊन ती एकमेकांशी ताडून बघतो. काचेवर त्याला आधीच नीट दिसत नाही, त्यात हा ठोका. माणूस समोर नसताना आमचा माउस दिवसभर चालत होता. पूर्वी टेबल दुसऱ्या भिंतीला होतं. पावसाळ्याआधी ओल आली म्हणून इकडे आणलं, तेव्हापासूनचा हा त्रास, फक्त पहिल्या दोन कारणांखाली झाकला गेला होता.

शेजारच्या अण्णांना बोलावून पाणी दाखवलं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. म्हणाले, “हौद्री, आमच्या घरात तर भांडीसुद्धा वाजतात. आम्हाला ते ऐकूच येत नाही आता.” मग लगेच, “मागाखाली रबर घालू काय? लागत असलं तर सांगा.” मी म्हटलं, अण्णा, माग तुमचं पोट आहे, त्याला काही करू नका, आम्ही माउसचं बघतो. टेबल भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. काचेवर जाड कापडी पॅड टाकला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मध्ये जाऊन ‘अलाऊ धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर’समोरची खूण काढली. कीबोर्डची ठेवली, कारण झोपलेल्या यंत्राला उठवायला एक तरी कळ हवीच. रात्री कुणाला खात्री करून घ्यायची असेल तर माउस उलटा ठेवून बघावा किंवा काढूनच ठेवावा. यंत्र झोपलं, तर दोष तिथलाच.

नेटवर्क कार्डचंही तिथेच उरकलं. जाळ्यावरचं दुसरं यंत्र नुसतं नाव घेऊन चौकशी करत असलं तरी काही कार्डं यंत्राला उठवतात. ‘ओन्ली अलाऊ अ मॅजिक पॅकेट’ ही खूण केली की हे थांबतं. मॅजिक पॅकेट म्हणजे मुद्दाम उठवण्यासाठी पाठवलेला संदेश: आधी सहा बाइट पूर्ण भरलेले, आणि त्यापुढे त्या कार्डाचा स्वतःचा पत्ता सोळा वेळा. सगळे मिळून १०२ बाइट. असा मजकूर चुकून कुणी पाठवत नाही. ज्याला खरंच लांबून यंत्र उठवायचं आहे तोच पाठवतो.

रात्री ठरावीक वेळी यंत्र उठत असेल तर ‘स्लॅश वेकटायमर्स’ विचारावं. विंडोजची आपोआप चालणारी देखभाल, आपण काही बदललं नसेल तर, रात्री दोनला असते, ती वेळ बदलता येते. लिनक्स वापरणाऱ्यांना ‘सिस्टिमडी-इनहिबिट’ला यादी मागता येते. आणि ज्यांना स्लीप हा पर्यायच दिसत नाही त्यांनी ‘पॉवरसीएफजी स्लॅश ए’ विचारून बघावं. कुठली झोप मिळू शकते आणि कुठली कशामुळे नाही, ते यंत्र कारणासकट सांगतं.

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडलं ते हेच, की ते सांगतं. विचारलं तर नावासकट सांगतं. आपण मात्र जुनं झालं, बिघडलं, वेड लागलं असं परस्पर ठरवून मोकळे होतो, आणि चांगली चालती यंत्रं त्या ठरवण्यापायी पुसली जातात, कधी भंगारात जातात. शाळेतल्या संगणकांची अशी गत झालेली मी डोळ्यांनी पाहिली आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं. एक ओळ लिहायला कितीसा वेळ लागतो?

गेल्या आठवड्यात नंदगडहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला. तिच्याकडेही तेच, पंखा थांबेना. तिला इंग्रजी वाचायला भीती वाटते. मी म्हटलं, अर्थ लावू नकोस, अक्षरं वाच. तिने एकेक मथळा वाचला. डिस्प्ले, नन. सिस्टिम, आणि मग एक लांबलचक नाव. ते तिच्या मुलीच्या लग्नाचे फोटो नेटवर चढवून ठेवणारा प्रोग्राम होता, आणि तिकडे पावसात नेट रांगत होतं.

“बंद करू काय ते?” तिने विचारलं.

“नको. ते तुझंच काम करतंय. फोटो वर गेले की स्वतःच सोडेल. पंखा आज रात्री फिरू दे.”

“आणि उद्याही तेच नाव आलं तर?”

“तर किती फोटो राहिलेत ते बघ, आणि मला फोन कर. दुसरंच नाव आलं तर मात्र ते लिहून ठेव, एकही अक्षर न गाळता.”